पेंढ्याची भिंत आतून कोरडी आहे का?



आदिवासी पाड्यावर पेंढ्याच्या गठ्ठ्यांची खोली बांधता येईल, असे म्हटले की मंडळीतला कोणीतरी विचारतोच, "अहो, ती पावसाळ्यात कुजणार नाही का?" प्रश्न रास्त आहे. देणगीदारांनी कष्टाच्या कमाईतून पैसा दिलेला असतो आणि त्या खोलीत लहान लेकरे बसायची असतात. बुरशी लागलेल्या पेंढ्याची धूळ छातीला अपायकारक असते.

आम्हा जतकरांना याचे अर्धे उत्तर ठाऊक आहे. आपल्याकडे कडब्याची गंज रचताना पेंढ्या आधी चांगल्या वाळवतात, गंज उंचवट्यावर रचतात आणि माथा असा उतरता ठेवतात की पाणी आत मुरू नये. अशी गंज वर्षभर टिकते. परतीच्या पावसात भिजलेली आणि तशीच दाबली गेलेली गंज मात्र आतून तापते आणि काळी पडते. म्हणजे ओल आत अडकून राहिली तरच काड कुजते. कडबा जनावरांच्या तोंडचा घास, तो भिंतीत कोणी घालणार नाही. पण भातशेतीच्या भागात जिथे पेंढा उरतो, तिथे हाच नियम भिंतीला लागू पडतो.

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात लाकूड दुर्मीळ होते, म्हणून तिथल्या लोकांनी यंत्राने दाबलेल्या गठ्ठ्यांची घरे बांधली. तिथल्या आर्थर गावात १९२८ साली असेच बांधलेले पिलग्रिम होलिनेस चर्च आजही उभे आहे. पण तो मुलूख कोरडा आहे. सह्याद्रीतल्या पाड्यावर चार महिने धो धो पाऊस असतो. तिथे नुसत्या भरवशावर राहून चालत नाही, भिंतीच्या आत काय चालले आहे ते कळायला हवे. गंजीत हात खुपसून पाहता येते. गिलावा केलेल्या भिंतीत कसे पाहणार?

त्यासाठी घरी करता येण्याजोगे एक साधन आहे. चांगल्या वाळलेल्या, हलक्या लाकडाची बोटभर जाडीची चकती घ्या. तिच्यात ठरावीक अंतरावर न गंजणारे दोन स्क्रू बसवून प्रत्येकाला एक वायर जोडा. प्लास्टिकच्या नळीच्या टोकाला भोके पाडून चकती त्या टोकात बसवा आणि गिलाव्याआधी नळी भिंतीत सरकवा. वायरींची टोके खोलीच्या बाजूला ठेवा. भोवतीच्या हवेत ओल वाढली की लाकूड ती शोषते. ओल्या लाकडातून वीज सहज जाते, कोरड्यातून जवळजवळ जात नाही. हा विरोध मल्टीमीटरने मोजायचा. २०० मेगाओहमपर्यंत मोजणारा मीटर घ्यावा. मीटरने आकडाच दाखवला नाही, तर वायर तुटलेली नाही एवढी खात्री करा. मग ती चांगलीच बातमी समजा.

आकड्याचा अर्थ लावायला स्वयंपाकघरातले मीठ पुरते. घट्ट झाकणाच्या डब्यात मिठाचा ओला लगदा ठेवा आणि चकती त्याला न टेकता वर टांगा. बंद डब्यात हवेची आर्द्रता सुमारे ७५ टक्के राहते. काही दिवसांनी आकडा स्थिर झाला की तो चकतीवर लिहून ठेवा. भिंतीतला आकडा याच्या आसपास किंवा वर असेल तर काळजी नाही. तो बराच खाली उतरला, तर समजावे की आत ओल साचते आहे. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की बुरशी धरू लागते.

चकत्या कुठे ठेवाव्यात? पावसाचा मारा येणाऱ्या बाजूला, भिंतीच्या तळाशी, खिडकीखाली आणि वळचणीखाली. एक चकती आडोशाच्या भिंतीत ठेवली की तुलना करता येते. पावसाळ्यात दर आठवड्याला, सकाळी ठरल्या वेळी आकडा वहीत लिहावा, कारण ऊन-थंडीनेही तो बदलतो. पाड्यावरचे शाळकरी पोरही हे काम करू शकेल. मोठ्या पावसानंतर आकडा घसरला आणि उघडीप मिळताच सावरला, तर घाबरू नये. आठवड्यामागून आठवडे तो खालीच राहिला, तर गळकी वळचण, गिलाव्याची भेग किंवा जमिनीवरून उडणारे शिंतोडे शोधावेत. कारण दूर केल्यावरही आकडा सावरला नाही, तर तेवढाच गिलावा फोडून ओला पेंढा काढावा आणि कोरडा भरावा.

चकती ओल दाखवते, थांबवत नाही. त्यासाठी दगडी जोते उंच हवे, वळचण रुंद हवी आणि गिलावा मातीचा किंवा चुन्याचा हवा. सिमेंटचा गिलावा आत शिरलेली ओल बाहेर पडू देत नाही. ओल्या गिलाव्यामुळे सुरुवातीला आकडा खाली असतोच, म्हणून काम उन्हाळ्यात लवकर उरकावे, म्हणजे मृगाआधी भिंत वाळते.

तेव्हा अशा खोलीसाठी कोणी मदत मागितली, तर दोन गोष्टी जरूर विचारा: जोते किती उंच आहे, आणि ओलीची वही कोण लिहिणार आहे?