तडा चेसिसला, परीक्षा नोंदवहीची

लेखमाला : घर चाकांवरचं – भाग ६

मागच्या भागात आपण कॅराव्हॅनच्या वजनाचा हिशेब मांडला. आज त्या वजनाखाली जे असतं त्याकडे वळू : चेसिस आणि सस्पेंशन. त्यांच्यात कारखान्यातूनच दोष आला, तर गाडी परत बोलावून विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जी व्यवस्था असते, तिला सेफ्टी रिकॉल म्हणतात. ती कशी चालते आणि कुठे अडते, हे ऑस्ट्रेलियाच्या उदाहरणावरून चांगलं समजतं. मोटारीमागे कॅराव्हॅन जोडून महिनोन्महिने देश पालथा घालणारी कुटुंबं तिथे गावोगावी भेटतात, आणि तिथले रस्ते चेसिसची खरी कसोटी घेतात.

तडा कुठे जातो?

कॅराव्हॅनचा पुढचा त्रिकोणी सांगाडा म्हणजे ड्रॉबार. त्याचं टोक मोटारीच्या टो-बॉलवर बसतं. भरलेल्या कॅराव्हॅनच्या वजनापैकी साधारण दहा टक्के भार या बॉलवर यावा, असा ऑस्ट्रेलियात ठोकताळा आहे. म्हणजे २,५०० किलोची कॅराव्हॅन असेल, तर एका मुठीएवढ्या गोळ्यावर २५० किलो. चाक खड्ड्यात आदळलं की हा भार क्षणभर कितीतरी वाढतो आणि ड्रॉबार जिथे मुख्य चेसिसला वेल्ड केलेला असतो, नेमका त्या जोडावर येतो.

तार एकदा वाकवली तर तुटत नाही, तीच जागा पुन्हा पुन्हा वाकवत राहिलं की तुटते. पोलादाचंही तसंच होतं. वेल्डिंगचा वितळलेला धातू जिथे मूळ नळीला मिळतो, त्या काठावर ताण एकवटतो. वेल्डिंग आतपर्यंत मुरलेलं नसेल, नळीची जाडी कमी धरली असेल किंवा एखादं भोक चुकीच्या जागी पाडलं असेल, तर तड्याची सुरुवात तिथूनच होते. खाली वाकून पाहिलं तर आधी रंगावर केसाएवढी रेघ दिसते. एखादा पाऊस पडून गेला की तिच्यातून तपकिरी ओघळ उतरतो. हा गंज वरवरचा समजून बरेच जण पुसून टाकतात. खरं तर तिथे थांबायला हवं.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागातला गिब रिव्हर रोड सुमारे ६६० किलोमीटरचा आहे आणि त्याचा मोठा भाग कच्चा आहे. वाहनांच्या वर्दळीनं अशा रस्त्यावर आडव्या लाटा उठतात. त्यांवरून जाताना चेसिसला तासन्‌तास बारीक हादरे बसत राहतात. शॉकअप हात लाववणार नाही इतके तापतात, रबरी बुश झिजतात, बोल्ट सैल होतात.

सस्पेंशनचे तीन प्रकार

कमानपाट्यांचं सस्पेंशन सर्वांत जुनं आणि दुरुस्तीला सोपं. त्यात यू-बोल्ट सैल झाले की ॲक्सल जागेवरून सरकतो. दुसरा प्रकार रबरी टॉर्शन ॲक्सलचा. पोलादी नळीत रबराच्या कांड्या दाबून बसवलेल्या असतात आणि झटका त्या पिळल्या जाऊन शोषतात. १९३१ साली सुरू झालेल्या जर्मनीच्या आल्को कंपनीचे असे ॲक्सल युरोपात सर्रास दिसतात. तिसरा प्रकार ऑस्ट्रेलियात खडतर रस्त्यांसाठी लोकप्रिय आहे : प्रत्येक चाकाला स्वतंत्र भुजा, म्हणजे ट्रेलिंग आर्म, आणि त्यावर कॉइल स्प्रिंग. इथे सगळा भार भुजेच्या बिजागरीवर आणि ती धरणाऱ्या ब्रॅकेटवर येतो. ब्रॅकेटचं वेल्डिंग सुटलं, तर चाक कलतं आणि टायर आतल्या कडेनं झिजू लागतो. पुढचा टप्पा चाकासकट भुजाच निसटण्याचा.

मोटारीत असं काही बिघडलं तर स्टिअरिंग थरथरतं, डॅशबोर्डवर दिवा लागतो. कॅराव्हॅनमध्ये चालवणारा बसलेलाच नसतो. मागच्या चाकाचं दुखणं पुढच्या सीटपर्यंत पोहोचेस्तोवर कॅराव्हॅन झोकांड्या खाऊ लागलेली असते. म्हणून मालकाला रस्त्यावर कळेल या भरवशावर चेसिसचा दोष सोडून देता येत नाही. त्याला आधीच कळवावं लागतं.

दोष एक, ब्रँड अनेक

कॅराव्हॅनवर ज्या कंपनीचं नाव असतं, तिनं ॲक्सल, कपलिंग, ब्रेक, कधीकधी चेसिसही बाहेरून घेतलेली असते. एकच पुरवठादार डझनभर ब्रँडना माल देतो. त्यामुळे एका भुजेच्या घडणीत चूक झाली, तर ती वेगवेगळ्या नावांच्या कॅराव्हॅनखाली जाऊन बसते, आणि रिकॉल प्रत्येक ब्रँडचा वेगळा निघतो. शेजाऱ्याच्या कॅराव्हॅनचा रिकॉल निघाला, आपला ब्रँड निराळा, म्हणून निर्धास्त राहू नये.

ऑस्ट्रेलियात १९८९च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला रोड व्हेइकल स्टँडर्ड्‌स ॲक्ट १ जुलै २०२१पासून पूर्णपणे लागू झाला. वाहनांच्या रिकॉलची जबाबदारी तेव्हापासून ग्राहक आयोगाकडून केंद्रीय परिवहन खात्याकडे आली. प्रत्येक रिकॉलची नोटीस सर्वांना पाहता येते : दोष काय, धोका काय, मालकानं काय करायचं, आणि कोणत्या चेसिस क्रमांकांच्या गाड्या बाधित. याच ग्राहक आयोगाचा नव्या कॅराव्हॅनच्या विक्रीवरचा अहवाल २०२२ साली आला. दोन हजारांहून अधिक ग्राहकांच्या त्या पाहणीत ८० टक्के लोकांनी आपल्या कॅराव्हॅनमध्ये काही ना काही बिघाड निघाल्याचं सांगितलं. यात गळक्या छपरापासून सगळं आलं. पण ज्या उद्योगात छप्पर गळतं, तिथल्या वेल्डिंगकडे डोळे मिटून पाहता येत नाही.

पत्र कोणाच्या घरी?

रिकॉलची कमजोर कडी वर्कशॉपमध्ये नसते. नवी भुजा बसवायला मेकॅनिक मिळतो. मालक सापडणं कठीण असतं. कॅराव्हॅन वर्षाचे बरेच महिने अंगणात उभी असते, दोन-तीन मालकांकडे फिरते, आणि पत्र पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर जातं.

ऑस्ट्रेलियात कॅराव्हॅनला स्वतःची नंबरप्लेट असते आणि राज्याकडे तिची नोंद असते. ब्रिटनमध्ये तसं नाही. तिथे कॅराव्हॅन ओढणाऱ्या मोटारीचाच नंबर लावून चालते आणि तिला मोटारीसारखी वार्षिक सक्तीची तपासणीही नाही. ही उणीव भरून काढायला १९९२पासून ‘क्रिस’ ही नोंदवही चालवली जाते. सतरा अंकी-अक्षरी क्रमांक चेसिसवर आणि काचांवर कोरलेला असतो. पण नव्या मालकानं आपलं नाव तिथे लावलं नाही, तर ती नोंद जुनीच राहते.

अमेरिकेत दोष निश्चित झाल्यावर उत्पादकानं पाच कामकाजी दिवसांत सरकारला कळवावं आणि साठ दिवसांत मालकांना पत्रं धाडावीत, असा नियम आहे. तिथल्या सरकारी संकेतस्थळावर चेसिस क्रमांक टाकून शोध घेता येतो, मात्र छोट्या उत्पादकांच्या गाड्या त्यात येतीलच असं नाही. म्हणून ब्रँड, मॉडेल आणि वर्ष टाकूनही पाहावं.

मेलबर्न-सिडनीत किंवा लंडनजवळ राहणारे आपले वाचक जुनी कॅराव्हॅन घेत असतील, तर त्यांना माझं आग्रहाचं सांगणं : पैसे देण्याआधी चेसिस क्रमांक स्वतः वाचा, तो कागदांशी ताडून पाहा, ब्रँडचे आणि सस्पेंशन बनवणाऱ्याचे रिकॉल शोधा, आणि व्यवहार झाला त्याच आठवड्यात नोंद आपल्या नावावर करा. तडा दिसला तर गावातल्या वेल्डरकडून टाका मारून घेऊ नका. आधी फोटो काढा, उत्पादकाला आणि सरकारी खात्याला कळवा. तशाच दहा तक्रारी एकत्र आल्या, तरच तो दोष एका गाडीचा नसून सगळ्या मालिकेचा आहे हे उघड होतं.

आपला कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रानं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आपल्याकडे जास्त करून इंजिनासह धावणाऱ्या कॅराव्हॅन आहेत. तरी मोटार वाहन कायद्यातली ‘मोटार वाहना’ची व्याख्या ट्रेलरला आणि बॉडी न चढवलेल्या चेसिसलाही सामावून घेते. २०१९च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ११०-अ केंद्र सरकारला रिकॉलचा आदेश देण्याचा अधिकार देतं. दोष एखाद्या सुट्या भागात असेल, तर तो भाग ज्या ज्या वाहनांत आहे ती सगळी, प्रकार आणि मॉडेल न पाहता, परत बोलावता येतात. ‘दोष एक, ब्रँड अनेक’ या दुखण्यावरचा इलाज आपल्या कायद्यात लिहिलेला आहे.

तो लागू पडायचा, तर चेसिस कोणाची, ॲक्सल कोणाचा, बॉडी कोणी चढवली आणि गाडी आज कोणाकडे आहे, ही साखळी कागदावर अखंड हवी. कॅराव्हॅनची संख्या अजून थोडी आहे, तेव्हाच ही नोंद लावणं सोपं आहे. पर्यटन खात्यानं आणि आरटीओनं ते काम आत्ताच हाती घ्यायला हवं.

(पुढील भागात : कॅराव्हॅनचे ब्रेक आणि उतारावरचा ताबा)