तीन मिनिटांची मनी

घरात मांजर किंवा कुत्रा असला की मोबाइलमध्ये त्याच्या पन्नास क्लिपा असतातच. मनी पडद्यावर चढते आहे, टॉमी चपला पळवतो आहे, मागे सगळे हसताहेत आणि बारा सेकंदांत खेळ खलास! नातेवाइकांना पाठवून झाली की ती क्लिप पुन्हा कोणी उघडत नाही. आमच्या महाविद्यालयात मुलांना लघुपटाचा सराव द्यायचे ठरले, तेव्हा म्हणूनच विषय दिला, ‘घरातला पाळीव प्राणी आणि त्याचा रोजचा दिवस’. अटी दोनच. लांबी तीन मिनिटे आणि खर्च शून्य.

पहिला प्रश्न खानापूरकडच्या मुलाचा. ‘‘सर, म्हैस चालेल का?’’ वर्ग हसला, पण प्रश्न रास्त होता. ‘पेट’ म्हटले की आपल्याला सोफ्यावर झोपलेले कुत्रेच दिसते. आपल्या भाषांचे तसे नाही. मराठीत जे पाळले ते पाळीव, कन्नडमध्येही जे सांभाळले ते ‘साकु प्राणी’. तेव्हा म्हैस चालली, आणि पुढे चांगलीच चालली.

दुसरी अडचण कथेची. ‘७७७ चार्ली’ हा २०२२ चा कन्नड चित्रपट आपल्याकडे मराठी घरांतूनही डोळे पुसत पाहिला गेला. त्याला सर्वोत्कृष्ट कन्नड चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. साहजिकच मुलांनी लिहून आणलेल्या निम्म्या कथांत कुत्रा मालकाला वाचवत होता आणि उरलेल्या निम्म्यांत मरत होता. मी जाहीर केले, की आपल्या चित्रपटात कुत्रा मरणार नाही आणि कोणाला वाचवणारही नाही. तो जेवेल, झोपेल, दारात वाट बघेल. तेवढे पुरे.

खरे तर सिनेमाचा जन्मच अशा साध्या गोष्टींतून झाला. १८९५ मध्ये ल्युमिए बंधूंनी आपल्या कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार टिपले, त्यांच्या पायांत एक कुत्राही घुटमळताना दिसतो. त्यांच्या एका रिळाची लांबी सुमारे १७ मीटर, म्हणजे जेमतेम पन्नास सेकंद. त्या हिशेबाने आमची तीन मिनिटे म्हणजे चैनच. पुढे १९०५ मध्ये इंग्लंडच्या सेसिल हेपवर्थने ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’ काढला. त्यात तो स्वतः, त्याची बायको, त्याचे तान्हे मूल आणि त्यांच्या घरचाच कुत्रा ब्लेअर. प्रतींना इतकी मागणी आली, की मूळ निगेटिव्ह झिजून गेली आणि सगळा चित्रपट आणखी दोनदा नव्याने काढावा लागला. अर्थात ब्लेअर शिकवलेला कुत्रा होता. आमची मनी शिकणाऱ्यांतली नव्हे.

त्यामुळे शिकायचे काम माणसांनाच करावे लागले. पहिले तीन दिवस कोणी चित्रीकरण करायचे नाही. मोबाइल नुसता स्टुलावर उभा करून ठेवायचा. मांजर येऊन हुंगते, दोनदा पाडते, मग विसरते. विसरली की काम सुरू. मोबाइल आडवा धरायचा आणि जमिनीलगत न्यायचा, उपड्या डब्यावर टेकवला तरी चालतो. उभ्याने खाली बघत घेतलेल्या चित्रात मांजर खेळण्यासारखे दिसते. तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहिले, की आपले स्वयंपाकघर किती उंच आणि गोंगाटाचे आहे ते कळते. आणखी एक, घटना संपल्यावर दहा सेकंद हात हलवायचा नाही. कुत्रा भाकरी खाऊन झाल्यावर ज्या नजरेने वर बघतो, ते नेमके त्या दहा सेकंदांत असते, आणि आपण नेमके तेव्हाच बटण दाबून मोकळे होतो.

उजेड सकाळचा, परसदारचा. एका मुलाची मांजर काळी आणि भिंत पांढरी, पहिल्या चित्रणात नुसता डाग आला. पडद्यावर मांजराच्या तोंडावर बोट टेकवून उजेड वाढवला, तेव्हा डोळे-मिशा दिसू लागल्या. फ्लॅशला बंदी. कपडे घालून नाचवणे, घाबरवून पळवणे, उपाशी ठेवून शेपूट हलवायला लावणे यांनाही. लोकांना दाखवायच्या चित्रपटात प्राणी वापरण्याविषयी २००१ चे केंद्रीय नियम आहेत. वर्गातल्या सरावाची गोष्ट वेगळी, पण ज्यांना पुढे महोत्सवाला चित्रपट पाठवायचा असेल, त्यांनी चित्रीकरणाआधीच प्राणी कल्याण मंडळाकडे चौकशी केलेली बरी.

गाण्यालाही मी मनाई केली. त्यावर मुले थोडी नाराज झाली. पण गाणे काढल्यामुळे घर ऐकू येऊ लागले, आणि आपल्याकडे घर ऐकू येणे म्हणजे दोन भाषा ऐकू येणे. शहापूरच्या एका घरात बाबा कुत्र्याला ‘बस’ म्हणतात, बैलहोंगलच्या माहेरची आई ‘कुंद्रु’ म्हणते आणि मुलगा ‘सिट’. कुत्रा फक्त आईचे ऐकतो. भाषेचा प्रश्न नाही, चपाती तिच्या हातात असते! खानापूरची म्हैस धाकट्या बहिणीचा आवाज आल्याशिवाय पान्हा सोडत नाही. बहीण आत अभ्यासाला बसलेली, बाहेर भाऊ बादली घेऊन ताटकळतो आहे. तीन मिनिटांत एवढेच घडते, पण बघताना कोणी जागचे हलले नाही.

एका मुलीने घरच्या मनीवर चित्रपट केला. तिची आज्जी (हा शब्द मात्र दोन्ही भाषांत एकच) पन्नासेक वर्षांपूर्वी गोकाककडून लग्न होऊन आली. घरात सगळे मराठी, तिचेही मराठी इतके सफाईचे, की नातवंडांनी तिचे कन्नड ऐकले ते फक्त तिच्या भावाचा फोन आला की. तो भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला. मुलीने आज्जीला सांगून आवाजासाठी मोबाइल कट्ट्यावर ठेवला. मनी जसा तो विसरली, तशी आज्जीही विसरली. रात्री मुलगी ऐकते तो काय, दुपारी घर रिकामे असताना आज्जी चाळीस मिनिटे मनीशी कन्नडमध्ये बोलत होती. दुधाचा भाव, गुडघा, पावसाने कुजलेली मिरची, आणि मधेच, ‘आता मला तंगी म्हणणारं कोणी उरलं नाही.’ तंगी म्हणजे धाकटी बहीण.

ती मुलगी माझ्याकडे आली. हे वाक्य घेतले तर चित्रपट उभा राहतो, न घेतले तर नुसती दूध पिणारी मांजर उरते. मी म्हटले, ठरवणारे आपण कोण? आज्जींना ऐकव. कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्या माणसाला विचारायचे, हे सगळे जाणतात. पण मांजरापाशी बोललेले कोणाचे, याचा विचार सहसा कोणी करत नाही.

आज्जींनी कानाला इअरफोन लावून सगळे ऐकले. आधी स्वतःच्या आवाजाला हसल्या. मग म्हणाल्या, ठेव, पण खाली मराठी नीट लिही. (हे सारे इथे लिहितो आहे तेही त्यांना विचारूनच.) मराठी नीट लिहिताना वर्गाचा एक तास गेला. ‘धाकटी बहीण म्हणणारं’ असे कोणी बोलते का? ‘ताई’ उलटे होते, ‘बाई’ भलतेच. शिवाय ओळ पडद्यावर तीनच सेकंद राहणार. शेवटी ‘तंगी’ तसाच ठेवला. आपल्या भागात तो खाली अर्थ न देता कळेल, असा मुलांचा कौल पडला.

आणि कळला. वर्गात पडदा लावून घरच्यांना चित्रपट दाखवले, तेव्हा त्या ओळीला मागच्या बाकांवरच्या दोन-तीन बायकांनी पदर डोळ्यांना लावला. त्यातली एक कारवारकडची होती, एक चिकोडीची.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या वडिलांनी तिला विचारले, उरलेले रेकॉर्डिंग पुसले तर नाहीस ना? त्यांचे कन्नड कचेरीपुरते आहे, पण त्यांना सगळे ऐकायचे होते. मुलीने पुन्हा आज्जींना विचारले. आज्जी तयार झाल्या. मात्र मधला काही मिनिटांचा एक भाग आधी पुसून टाक म्हणाल्या. तो कोणता, हे मुलीने मलाही सांगितलेले नाही.