सोबत्याचे लिखाण

चेन्नईच्या दक्षिणेस तांबरम नावाचे उपनगर आहे. १९३१ साली समुद्रकाठच्या बीच स्थानकापासून तेथवर विजेची आगगाडी धावू लागली आणि १९३७ साली मद्रास ख्रिश्चन कॉलेज शहरातील दाटी सोडून तेथील माळावर राहावयास आले. या कॉलेजचे नियतकालिक त्याहूनही जुने, १८८३ सालचे. अशा या विद्येच्या गावी, नोकरीच्या निमित्ताने राहत असताना, सोबत्यांनी सोबत्यांसाठी लिहिलेले वाचनीय केव्हा होते, याचा एक धडा मला मुलांकडून मिळाला.

२०१६ सालच्या गणेशोत्सवात तेथील मराठी कुटुंबांच्या मुलांनी एक हस्तलिखित काढले. विषय होता पाऊस. उत्तम लेख निवडण्याचे काम माझ्याकडे आले. एका मुलाने आषाढातील मेघ, नाचणारे मोर आणि सह्याद्रीवरून कोसळणारे धबधबे यांचे मोठे डौलदार वर्णन केले होते. भाषा निर्दोष होती. मी त्याला पहिले बक्षीस दिले.

परंतु मुले वाचीत होती ती दुसराच लेख. एका मुलीने आदल्या वर्षीच्या डिसेंबरातील पुराची रात्र लिहिली होती. त्या वेळी तांबरमला एका दिवसात सुमारे ४९ सेंटिमीटर पाऊस पडला होता. तिचे घर वरच्या मजल्यावर. खाली मैत्रिणीच्या घरात पाणी शिरले, तिची पुस्तके भिजली, आणि आपण मात्र सकाळपर्यंत झोपलो होतो, याची लाज वाटते, असे तिने सरळ लिहिले होते. वाक्ये ओबडधोबड होती. शुद्धलेखनाच्या चुका मी तांबड्या शाईने दाखविल्याही होत्या. पण मागील कोऱ्या पानावर, जेथे अभिप्राय लिहावयाचा, तेथे त्या मैत्रिणीने लिहिले होते, ‘मला हे ठाऊक नव्हते.’

माझी चूक मला तेथे उमगली. तांबरमचा मुख्य पाऊस आषाढात पडतच नाही. तो ईशान्येकडील वाऱ्यांबरोबर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतो. पहिल्या मुलाने पाठ्यपुस्तकातील पाऊस लिहिला होता. परक्या वाचकाला तो खपला असता. परंतु जो त्याच रस्त्याने शाळेत जातो, त्याला कसा खपावा?

सोबत्यासाठी लिहिण्यातील अडचण हीच, आणि सामर्थ्यही हेच. आपला वाचक आपल्याच बाकावर बसलेला असतो. त्याला गाव, शाळा, मास्तर यांची ओळख करून देण्याचे कारण नाही. तेवढा मजकूर वगळला की लेख आपोआप आटोपशीर होतो. त्याला हवे असते ते त्याच घटनेचे आपल्याला दिसलेले दुसरे अंग. उसने अलंकार तो तत्काळ ओळखतो. उलट, स्वतःची उणीव कोणी मोकळेपणाने सांगितली, तर तो पुढचे पान आपणहून उलटतो. आणि लिहिणाऱ्यालाही, उद्या याच मुलांना तोंड द्यावयाचे आहे, ही जाणीव खरे बोलावयास लावते.

साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते, तेव्हा ते वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालवीत. एका छपराखालील माणसांनी एकमेकांसाठी लिहिणे व वाचणे, यात केवढी शक्ती आहे, हे त्यांनी जाणले होते. आज साधने पालटली आहेत. शाईची जागा पडद्याने घेतली, एका प्रतीच्या हजार प्रती क्षणात होतात. परंतु वाचकाची ती साधी अपेक्षा पालटलेली नाही.

बक्षीस परत घेता येत नव्हते. पहिल्या मुलाचाही त्यात काही अपराध नव्हता, कारण अशा लिखाणाला शाबासकी देणारे आम्हीच वडीलधारे होतो. म्हणून मी त्याच कोऱ्या पानावर, मैत्रिणीच्या ओळीखाली, माझी चूक लिहून सही केली. तांबड्या नव्हे, काळ्या शाईने.