चिरनेर : मोळीसाठी लढलेलं गाव

चाकणच्या कारखान्यांतला माल घेऊन निघालेले कंटेनर घाट उतरून उरण तालुक्यातल्या जेएनपीए (पूर्वीचं जेएनपीटी) बंदरात जातात. चिरनेर त्याच तालुक्यातलं. आमच्या पिंपरी-चिंचवडकडची मंडळी तिथं जातात ती महागणपतीला. दर्शन, प्रसाद, दोन फोटो, की गाडी पुन्हा एक्स्प्रेसवेच्या दिशेला. देवळाच्या लोखंडी गजावर बंदुकीच्या गोळीची खूण आहे, ती कुणी बोट दाखवलं तरच दिसते.

इतिहास थोडक्यात सांगतो. 1930 साली मिठाच्या पाठोपाठ जंगल सत्याग्रह पेटला. पुसदला बापूजी अणे यांनी राखीव रानातलं गवत कापलं. आजा-पणजांनी ज्या रानातून मोळ्या आणल्या, तिथंच आता परवाना, फी आणि दंड! 25 सप्टेंबरला चिरनेर परिसरातले आगरी, कोळी, कातकरी कोयते घेऊन अक्कादेवीच्या डोंगराकडे निघाले. पोलिसांनी गोळ्या घातल्या. आठजण हुतात्मा झाले, मामलेदार जोशीही त्याच धुमश्चक्रीत गेले. धाकू गवत्या फोफेरकर आणि नवश्या महादेव कातकरी चिरनेरचेच. बाकीचे जुई, कोप्रोली, पाणदिवे, खोपटे, दिघोड्याचे. पुढे खटल्यात आरोपींच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले.

परवान्यावरून बंड दुसरीकडेही झालं. ऑस्ट्रेलियात बॅलरॅटला 1854 मध्ये सोनं खणणाऱ्यांनी परवान्याच्या फीविरुद्ध बंड केलं. तिथंही माणसं मेली, पण वर्षभरात ती फी रद्द झाली. आपला 1927 चा वन कायदा दुरुस्त्या होत होत आजही चालूच आहे. आणि आपली माणसं सोन्यासाठी नव्हे, चुलीच्या लाकडासाठी मेली.

या गावाची दुसरी ओळख मातीच्या भांड्यांची. मी गेलो तेव्हा माझा निम्मा वेळ एका म्हाताऱ्या कुंभारकाकांच्या पडवीतच गेला. चाकावरून उतरलेलं मडकं जरा सुकलं की ते आतून गोल दगड धरतात आणि बाहेरून लाकडी फळीनं थापटत राहतात. बूड हळूहळू गोल होत जातं. थंडीत पोपटीसाठी मडक्यांना मागणी असते. पोपटी म्हणजे वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, मडक्याभोवती जाळ, बस्स. "मातीचं जमतं कसंबसं," काका म्हणाले, "आव्याला जळण कुठून आणू, ते सांगा!"

खरं आहे. परिसरातले डोंगर भरावासाठी पोखरले गेले, शेतांच्या जागी कंटेनर यार्ड आले. देवळाबाहेर प्रसादाचे दर ठळक लिहिलेले, आठ हुतात्म्यांची नावं शोधायला मात्र स्मारकापर्यंत जावं लागतं. ती देवळापाशीही लावायला कितीसा खर्च येणार आहे?

जायचं तर 25 सप्टेंबरला जा. त्या दिवशी पोलीसच बंदुकीच्या फैरी झाडून हुतात्म्यांना मानवंदना देतात. मडकी हवी असतील तर डिसेंबरात जा, आणि भाव करू नका.