ताक फुंकणारा आणि शेगडीवरची मांजर

नोकरीच्या मुलाखतींकडे आज वळणार होतो. पण मिरजेच्या एका वाचकांचा प्रश्न आला आणि मुलाखती मागे पडल्या. ते विचारतात, ‘पहिला ग्रह चुकतो, मान्य. पण तोच निर्णय माणूस शंभरदा घेतो. अनुभवाने चूक सुधारायला नको?’

सुधारते, पण एकाच बाजूची.

आमच्या कोपऱ्यावर दोघीजणी भाजी घेऊन बसतात. इथे राहायला आलो त्या आठवड्यात डावीकडच्या मावशींची मेथी घरी आणून जुडी सोडली, तर आत पिवळी आणि लिबलिबीत. दुसऱ्या दिवशी उजवीकडची घेतली, ती ताजी निघाली. तेव्हापासून सहा वर्षं मी उजवीकडेच. त्यांच्याबद्दलचं माझं मत रोज तपासलं जातं. जुडी खराब निघाली की खाली घसरतं. डावीकडचं मत मात्र त्या एका जुडीपाशीच अडलंय. नंतर त्यांच्याकडे कितीही कोवळी मेथी आली असेल, माझ्या पिशवीत ती पडलीच नाही. चुकून चांगला ठरवलेला माणूस कधीतरी उघडा पडतो. चुकून वाईट ठरवलेल्याला ती संधीच मिळत नाही. आणि यात हट्ट नाही, विसराळूपणाही नाही. हाती चांगली मेथी असताना मी दुसरीकडे पैसे का घालवू?

येर्कर डेनरेल आणि जेम्स मार्च यांनी 2001 मध्ये हे गणिताने मांडलं आणि नाव दिलं ‘तापल्या शेगडीचा परिणाम’. नाव मार्क ट्वेनच्या मांजरीवरून. एकदा चटका बसलेली ती मांजर तापल्या शेगडीवर पुन्हा बसत नाही, पण थंड शेगडीवरही बसत नाही. (ही मांजर 1897च्या ज्या प्रवासवर्णनात आहे, त्याच प्रवासात ट्वेन जानेवारी 1896 मध्ये मुंबईत उतरला होता.)

रसेल फॅझिओ आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये याचा खेळच केला. पडद्यावर ठिपक्याठिपक्यांचे घेवड्याचे दाणे. काही खाल्ले की गुण वाढतात, काही खाल्ले की घटतात. दाणा सोडून दिला तर तो कसा होता हे कळतच नाही. वाईट दाणे लोकांनी चांगले ओळखले. चांगल्यांपैकी बरेच मात्र शेवटपर्यंत ‘वाईट’च राहिले.

आपल्याकडे दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो आणि आपण त्याला हसतो. मला तो मांजरीपेक्षा कितीतरी शहाणा वाटतो. फुंकतो, पण पितो. ताक थंड आहे हे त्याला पहिल्याच घोटात कळतं. मांजर वाटीकडे फिरकणारच नाही.

काल डावीकडून एक जुडी घेतली. मेथी कोवळी होती, दोन रुपयांनी महाग. एका जुडीवरून आता उलटं मत बनवणार नाही. महिनाभर आलटूनपालटून घेईन.

मुलाखती पुढच्या रविवारी, नक्की.