गिनीपिग शू करताना ओरडतोय?

गिनीपिगची शू मुळातच गढूळ असते, वाळली की खडूसारखा पांढरट डाग राहतो. त्याला घाबरू नका. पण डाग बोटाला वाळूसारखा खरखरीत लागला, पाठ वाकवून तो कुंई-कुंई करू लागला किंवा रक्त दिसलं, तर थेट डॉक्टर गाठा. (लाल रंग बीटचाही असू शकतो; आदल्या दिवशी ते खाल्लं होतं का, तेवढं आठवा!) माद्यांचा मूत्रमार्ग आखूड, म्हणून संसर्ग त्यांना जास्त. दुसरं कारण मूतखडे; ते बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचे, एक्स-रेत स्पष्ट दिसतात.

घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक मात्र चुकूनही पाजू नका. आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून गिनीपिग दगावू शकतो. आणि लसूणघास? कॅल्शियम भरपूर, त्यामुळे वाढत्या पिल्लांना चालेल, मोठ्यांना साधं वाळलं गवतच बरं.