जेवताना लागणारा ठसका हलक्यात घेऊ नका

बचत गटाच्या बैठकीत हप्ते झाले, सह्या झाल्या की बायका घरचं बोलायला लागतात. त्यात एक गोष्ट आम्ही पुष्कळदा ऐकतो. सासरे विसरायला लागलेत, पाय ओढत चालतात आणि जेवायला बसवलं की खोकला सुरू होतो. घरातले म्हणतात, सर्दी असेल, ताक बंद करा. कुणी म्हणतं, कुणीतरी आठवण काढली. आज या खोकल्याबद्दलच बोलू.

म्हातारपणी विसर पडण्याचे आजार अनेक आहेत. त्यातला एक लेवी बॉडी डिमेन्शिया. मेंदूच्या पेशींत एका प्रथिनाच्या बारीक गुठळ्या साचतात. डॉ. फ्रेडरिक लेवी यांनी १९१२ साली त्यांची नोंद केली, म्हणून त्यांचं नाव. पार्किन्सन्सच्या आजारातही याच गुठळ्या असतात. लेवी बॉडीचा माणूस सकाळी नीट बोलतो आणि दुपारी घरच्यांना ओळखत नाही. त्याला घरात नसलेली लेकरं, जनावरं दिसतात. झोपेत तो ओरडतो, हातपाय झाडतो. अंग ताठरतं. गावात याला ‘बाहेरचं’ म्हणतात, पण हा मेंदूचा आजार आहे. तो ओळखणं शिकलेल्यांनाही अवघड जातं. हॉलिवूडचे नट रॉबिन विल्यम्स यांना पार्किन्सन्स असल्याचं सांगितलं होतं. २०१४ साली ते गेल्यावर मेंदूची तपासणी झाली, तेव्हा लेवी बॉडी असल्याचं कळलं.

आता खोकला का येतो ते बघू. घशात दोन वाटा आहेत, एक अन्नाची आणि एक श्वासाची. आपण घास गिळतो तेव्हा श्वासाच्या वाटेवर क्षणभर झाकण पडतं. हे काम मेंदू सांभाळतो. या आजारात जीभ आणि घसा मंदावतात, झाकण उशिरा पडतं आणि घोट श्वासाच्या वाटेला लागतो. ठसका म्हणजे तो बाहेर टाकायची शरीराची धडपड. पण आजार वाढला की खोकल्याचा जोरही कमी होतो. पुढं पुढं पाणी आत गेलं तरी ठसका लागत नाही. म्हणून ‘आता खोकत नाहीत, बरं झालं’ असं समजू नका. अन्न, लाळ आणि तोंडातले जंतू छातीत उतरले की न्यूमोनिया होतो. या आजारात माणूस दगावण्याचं ते एक मोठं कारण आहे. जेवल्यावर आवाज ओला, घोगरा येतो का, घास गालात राहतो का, वजन घटतंय का, ताप परत परत येतो का, याकडं लक्ष ठेवा.

घरी काय करायचं? पहिली गोष्ट बसवण्याची. बाज मध्ये खोल जाते, तिच्यावर आडवं ठेवून भरवू नका. खुर्चीवर ताठ बसवा, पाठीशी घडी घातलेली वाकळ द्या, हनुवटी किंचित खाली असू द्या. जेवल्यावर अर्धा तास तसंच बसवून ठेवा. आपल्याकडं तांब्यानं वरून पाणी पितात. तसं पिताना मान मागं जाते आणि श्वासाची वाट उघडी पडते. या माणसांना ते पूर्ण बंद करा. चमच्यानं किंवा छोट्या पेल्यानं एकेक घोट द्या.

दुसरी गोष्ट जेवणाची. पातळ आमटीत भाकरीचे तुकडे टाकतो, ते मऊ वाटतं, पण यांना तेच अवघड जातं. पाणी आधी घसरतं आणि तुकडा मागं राहतो. त्यापेक्षा भाकरी घट्ट वरणात पूर्ण कुस्करून एकजीव करा. ज्वारीच्या कण्या, दाटसर आंबील, मऊ भात चालतो. शेंगदाणे, फुटाणे, कोरडी चटणी टाळा. पाणी, चहा दाट करून द्यायचा का, हे मात्र डॉक्टरांना किंवा गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या वाचा-उपचार तज्ज्ञांना विचारूनच ठरवा. दाट केलेलं पाणी काहींना आवडत नाही, ते पितच नाहीत आणि अंगातलं पाणी कमी होतं.

तिसरी गोष्ट वेळेची. पेंगत असताना भरवू नका. ज्या वेळी माणूस तरतरीत असतो, त्या वेळी मुख्य जेवण द्या. टीव्ही बंद ठेवा, भरवताना त्यांना बोलायला लावू नका. एक घास पूर्ण गिळला, तोंड मोकळं झालं, मगच दुसरा.

चौथी गोष्ट तोंडाची. सकाळ-संध्याकाळ दात, जीभ, हिरड्या स्वच्छ करा, रात्री कवळी काढून ठेवा. तोंडात जंतू कमी असले तर छातीतही कमी जातात. चुलीचा धूर लागतो तिथं त्यांना बसवू नका.

जेवताना जोराचा ठसका लागला तर पाणी पाजू नका. पुढं वाकवा आणि खोकू द्या. आवाजच फुटत नसेल, श्वास अडला असेल तर पुढं वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहातानं पाच जोरदार थापा मारा आणि कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा.

दवाखान्यात केव्हा न्यायचं? शांत बसलेल्या मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा चालतो. तो २५ च्या वर गेला, ओठ निळसर झाले, ताप आला, तर थांबू नका. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियात ताप येतोच असं नाही. अचानक जास्त भ्रमिष्ट झाले, उठेनात, जेवेनात, एवढीच खूण असते. आणि खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर सरकारी दवाखान्यात क्षयरोगासाठी थुंकी तपासून घ्या. ही तपासणी मोफत असते.

औषधाचं एक नक्की लक्षात ठेवा. झोप आणणारं खोकल्याचं औषध दुकानातून आणून देऊ नका, त्यानं भ्रम वाढतो. माणूस बडबडतो, आवरत नाही म्हणून शांत करायला देतात ती हॅलोपेरिडॉलसारखी औषधं लेवी बॉडीच्या रुग्णाला फार घातक ठरू शकतात. आजाराचं नाव कागदावर लिहून ठेवा. धाराशिव, सोलापूर, लातूर, कुठंही भरती करा, तो कागद पहिल्यांदा डॉक्टरांच्या हातात द्या.

शेवटचं आपल्या बायकांबद्दल. एक जेवण भरवायला पाऊण तास लागतो, दिवसातून तीन वेळा. तो वेळ बहुतेक सुनेचा किंवा लेकीचा जातो. वर न्यूमोनिया झाला की ‘नीट भरवलं नाही’ हा बोलही तिलाच. सगळं नीट करूनही या आजारात लाळ छातीत उतरू शकते, हे घरातल्या सगळ्यांनी समजून घ्यावं. मुलांनी, नातवांनीही भरवायला शिकावं. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा स्वमदत गट आहे. तिथं आजारी माणसाला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. आपल्या गटातही असे शुभंकर आहेत. पुढच्या बैठकीत हप्त्यानंतर दहा मिनिटं त्यांच्यासाठी ठेवा. मन फार थकलं तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही. आणि आज रात्री घरच्या म्हाताऱ्या माणसाला भरवताना एवढंच बघा, पाठ ताठ आहे ना आणि हनुवटी खाली आहे ना.